मोजदाद मृत्यूची, दुर्लक्ष आजाराकडे

विशेष प्रतिनिधी

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव पश्चिम महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तेथील जनावरांच्या बाजारामुळे. दर शनिवारी भरणाऱ्या या बाजारात आसपासच्या तालुक्यांतून बैल, गाई, म्हशी, शेळ्या-मेंढ्या येतात. जनावर घेणारा जाणकार आधी त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, डोळ्यांतले तेज पाहतो. घरच्या गाईने दोन दिवस वैरणीला तोंड लावले नाही, रवंथ थांबवला, ती इतर जनावरांपासून अलग उभी राहू लागली, तर मालक तिसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. पशुवैद्यकाला बोलावणे धाडतो. हीच लक्षणे घरातल्या माणसात दिसली, तर मात्र महिने उलटतात. जेवण तुटते, झोप उडते, माणूस चार लोकांत बसेनासा होतो आणि घरचे म्हणतात, ‘जरा टेन्शन आहे, होईल कमी.’

नैराश्य हा आजार आहे, तो ओळखता येतो आणि बहुसंख्य रुग्णांत उपचारांनी आटोक्यात येतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्रात आता वादाची राहिलेली नाही. तरीही तो ओळखला जात नाही. याला केवळ अज्ञान कारणीभूत नाही. आपली शासकीय यंत्रणा या प्रश्नाची मोजदाद मृत्यूपासून सुरू करते. आजार मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. हे अंतर किती आहे आणि ते कसे कमी होऊ शकते, हे पाहण्यासाठी काष्टीसारखे गाव हे योग्य उदाहरण ठरावे. ते दुर्गम नाही आणि शहरही नाही. दौंड-मनमाड लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे, पुणे काही तासांच्या अंतरावर आहे, परिसरात साखर कारखाने आहेत, ऊस आणि लिंबाच्या बागा आहेत. आणि तरीही मनाच्या आजारावर येथे उघडपणे बोलले जात नाही.

अंगदुखीच्या वेषात

मराठीत मनाच्या अवस्थांसाठी शब्दांची वाण नाही. ‘कशात राम वाटत नाही’, ‘जीव लागत नाही’, ‘मन उडालंय’, ‘आतून खाल्ल्यासारखं होतंय’ असे सहज बोलले जाते. परंतु हे शब्द आजाराचे वर्णन म्हणून कोणी वापरत नाही आणि दवाखान्याची पायरी चढताना तर ते बाहेरच राहतात. डॉक्टरांपुढे सांगितले जाते ते शरीराचे गाऱ्हाणे. डोके जड होते, अंगात कणकण असते, पाठ-कंबर दुखते, छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, हातापायांत त्राण राहिलेले नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर अशक्तपणा आणि अंगदुखी या दोन शब्दांत सगळे संपते.

ही ढोंगबाजी नव्हे. नैराश्यात शारीरिक तक्रारी खरोखरच होतात आणि प्राथमिक उपचार केंद्रात येणारे अनेक रुग्ण त्याच घेऊन येतात, हे जगभर दिसून आले आहे. डॉक्टरांसमोर पन्नास रुग्णांची रांग असते. अंगदुखीला वेदनाशामक गोळी, अशक्तपणाला ताकदीचे इंजेक्शन, आग्रह झालाच तर सलाईन, झोप नसेल तर झोपेची गोळी, असा व्यवहार उरकला जातो. चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. मग डॉक्टर बदलला जातो. रक्त-लघवी तपासून होते, छातीचा आलेख काढून होतो, सर्व काही ‘नॉर्मल’ येते. आता रुग्णाला दुहेरी ओझे होते. आजार आहे तो आहेच, वर ‘तुला काही झालेलं नाही’ हा शिक्काही बसतो.

यानंतरची वाट अनेकदा देवऋषाकडे जाते. बाहेरची बाधा, करणी, पितरांचा कोप अशी निदाने होतात. श्रद्धेने कोणाला धीर मिळत असेल, तर त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु त्यात उपचारांचे महिने वाया जातात. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवणे, मारहाण करणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा ठरविला आहे. नैराश्याचा रुग्ण सहसा आरडाओरडा करीत नाही, तो गप्प होत जातो. त्यामुळे त्याच्याकडे लक्ष जाते ते सर्वांत शेवटी.

दोन आठवडे आणि नऊ प्रश्न

दुःख आणि नैराश्य यांत फरक कसा करायचा? कांद्याचा भाव कोसळला, कुकडीचे आवर्तन लांबले, उसाचे बिल थकले, घरात मृत्यू झाला, तर माणूस खचणारच. असे दुःख लाटेसारखे येते आणि ओसरते. मध्येच नातवाच्या बोलण्याने हसू येते, आवडीचा पदार्थ गोड लागतो, कामात मन थोडे गुंतते. नैराश्यात हे होत नाही. चांगली बातमी आली तरी आत काही हलत नाही.

वैद्यकीय निदानासाठी दोन आठवड्यांची कसोटी वापरली जाते. बहुतेक दिवस आणि दिवसाचा बहुतांश वेळ मन उदास असणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस संपणे, या दोहोंपैकी किमान एक लक्षण असावेच लागते. त्याच्या जोडीला झोप उडणे किंवा अती येणे, भूक व वजनात बदल, सततचा थकवा, हालचाली मंदावणे अथवा जिवाची तगमग, लक्ष एकाग्र न होणे व निर्णय न घेता येणे, स्वतःविषयी अपराधी किंवा कुचकामी वाटणे आणि मृत्यूचे विचार, ही लक्षणे पाहतात. एकूण नऊपैकी पाच लक्षणे दोन आठवडे टिकली आणि त्यांनी रोजचे व्यवहार अडू लागले, तर ते नैराश्य असण्याची शक्यता मोठी. याच नऊ मुद्द्यांवर आधारित प्रश्नावली जगभरच्या दवाखान्यांत वापरली जाते. तिला जेमतेम पाच मिनिटे लागतात, यंत्र लागत नाही, रक्त लागत नाही. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन असे गुण आणि बेरीज सत्तावीसपर्यंत. बेरीज म्हणजे अंतिम निदान नव्हे. परंतु कोणाकडे अधिक लक्ष द्यायचे, हे ती सांगते.

काही वेळा शरीरातील बिघाडही नैराश्याचे रूप घेतो. थायरॉईडचे विकार, रक्तक्षय किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर ती आधी तपासावी लागते. दारूचाही येथे दुहेरी संबंध आहे. उदासी विसरण्यासाठी माणूस पितो आणि पिण्याने उदासी वाढते. घरच्यांना दारू तेवढी दिसते, तिच्यामागचा आजार दिसत नाही. पुरुषांमध्ये तो चिडचिड आणि संतापाच्या रूपाने प्रकटतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बाळंतपणानंतरच्या काळात येणारे नैराश्य तर ‘बाळंतिणीचा हळवेपणा’ म्हणून सोडून दिले जाते. पहिल्या आठवडाभरातले रडू येणे स्वाभाविक असते. ते दोन आठवड्यांनंतरही थांबले नाही आणि बाळाविषयी ओढच वाटेनाशी झाली, तर डॉक्टरांना दाखविणे आवश्यक असते. वृद्धांमध्ये विसरभोळेपणा वाटतो तोही कधी कधी नैराश्याचा परिणाम असतो.

आकड्यांतली रिकामी जागा

देशात हा आजार किती आहे, याचा सर्वांत विस्तृत अभ्यास बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या रूपाने केला. त्यानुसार वीसपैकी एका प्रौढाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य येते आणि त्या आजारावर उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के आहे. म्हणजे सातांपैकी सहा रुग्ण उपचारांच्या बाहेर. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांवरून ज्या राज्याची विधिमंडळ अधिवेशने गाजली, त्या राज्याचा आजाराचा आकडा या सर्वेक्षणात नाही.

मृत्यूचा आकडा मात्र दरवर्षी येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२ हजार ७४६ महाराष्ट्रातील होत्या आणि हा सर्व राज्यांत मोठा आकडा होता. शेतीक्षेत्राशी संबंधित ११ हजार २९० आत्महत्यांपैकी ४ हजार २४८ एकट्या महाराष्ट्रातील होत्या. आत्महत्येचे कारण कधीच एक नसते. कर्ज, कौटुंबिक कलह, व्यसन, दुर्धर व्याधी, अपमान अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. नैराश्याच्या प्रत्येक रुग्णाच्या मनात जीव देण्याचा विचार येतो असेही नाही. परंतु ज्या काही धाग्यांना वेळीच हात घालता येतो, त्यांतला नैराश्याचा उपचार हा एक आहे.

शासनाची नजर मात्र दीर्घकाळ दुसऱ्याच धाग्यावर राहिली. २००६ पासून आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देताना प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरविले जाते, ते सातबारा, थकीत कर्ज आणि वसुलीचा तगादा यांच्या कागदांवरून. कर्जमाफीच्या घोषणा २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये झाल्या. कर्जाचा भार हलका होणे गरजेचेच आहे. आर्थिक विवंचना मन पोखरते, यात शंका नाही. पण तो माणूस शेवटच्या सहा महिन्यांत किती रात्री जागा होता, किती डॉक्टर त्याने बदलले आणि त्यांतल्या एकाने तरी त्याला मनाविषयी विचारले का, हे प्रश्न त्या कागदपत्रांत बसत नाहीत.

२०१५ मध्ये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, तेव्हा हे चित्र थोडे बदलले. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन प्रश्न विचारावेत, ताणाची लक्षणे दिसणाऱ्यांना समुपदेशन मिळावे, गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयात पाठवावे आणि १०४ क्रमांकावर दूरध्वनीने सल्ला मिळावा, अशी त्याची रचना होती. कल्पना योग्य होती. परंतु प्रकल्प सुरू झाला तो मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा, अशा १४ जिल्ह्यांत. निकष आत्महत्यांचा होता. नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा त्या यादीत नव्हता. श्रीगोंदा तालुक्याच्या शेजारचा कर्जत आणि जामखेडचा भाग पार करून बीड जिल्ह्याची हद्द लागली, की योजना सुरू होत होती. आजाराला ही हद्द ठाऊक असण्याचे कारण नाही. दुष्काळी पट्टा तोच, पिके बरीचशी तीच, माणसांची बोलीही जवळची. फरक होता तो मृत्यूंच्या संख्येचा. पुरेसे मृत्यू झाले नाहीत, म्हणून लक्षणे विचारायला कोणी आले नाही, असा याचा रोखठोक अर्थ होतो.

अमरावती आणि गोव्याचा धडा

आजार मृत्यूच्या आधी गाठता येतो का, याचे उत्तर मराठी मुलखातूनच मिळाले आहे. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबविण्यात आला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी छोट्या बैठकांतून नैराश्याविषयी बोलायचे, खचलेल्या माणसाला प्राथमिक मानसिक आधार द्यायचा, त्यापुढे प्रशिक्षित समुपदेशक आणि अगदी गरज असेल तेथे मानसोपचारतज्ज्ञ, अशी त्याची उतरंड होती. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आरंभीच्या पाहणीत नैराश्य असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोकांनी कोणाची तरी मदत घेतली होती. अठरा महिन्यांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. आधीच्या वर्षभरात जीव देण्याचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर उतरले. तुलनेसाठी कार्यक्रमाबाहेरची गावे या अभ्यासात नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय त्यालाच देता येणार नाही. परंतु गावात मनाच्या आजाराविषयी कोणी बोलणारच नाही, हा समज त्याने निश्चित खोडून काढला.

दुसरा धडा गोव्याचा. तेथे १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमण्यात आले. त्यांनी नैराश्याच्या बऱ्यापैकी तीव्र रुग्णांशी प्रत्येकी सहा ते आठ वेळा, दर खेपेस अर्धा-पाऊण तास बोलायचे, एवढाच हा उपचार होता. तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१७ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली.

या दोन्ही प्रयोगांत एक समान सूत्र आहे. मानसोपचारतज्ज्ञांची टंचाई हे वास्तव आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणातील बहुसंख्य राज्यांत लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. तेवढे तज्ज्ञ तयार होईपर्यंत थांबायचे, तर आणखी एक पिढी जाईल. परंतु ओळखणे, बोलते करणे आणि पाठपुरावा करणे ही कामे तज्ज्ञाशिवायही होऊ शकतात. तज्ज्ञाचा वेळ मग खरोखरच गंभीर रुग्णांसाठी राखता येतो.

नुसते बोलून काय होणार?

समुपदेशनाविषयी सर्वांत मोठी शंका हीच असते. ‘बोलायला घरात माणसं नाहीत का?’ असे विचारले जाते. घरची माणसे असतात. परंतु ती बहुतेक वेळा उपदेश करतात. ‘मन घट्ट कर’, ‘देवाचं नाव घे’, ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस आम्ही काढले’ अशी वाक्ये प्रेमापोटीच उच्चारली जातात; पण ज्याचा पाय मोडला आहे त्याला ‘चालून दाखव’ म्हणण्यासारखे ते होते.

मानसोपचारात बोलण्याला दिशा असते. गोव्यात वापरलेल्या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. नैराश्यात माणूस एकेक काम सोडतो. बाजार, देऊळ, पारावरच्या गप्पा, दूध घालायला डेअरीवर जाणे बंद होते. कामे सुटली, की आनंदाचे क्षणही सुटतात आणि उदासी अधिक गडद होते. समुपदेशक हे चक्र उलटे फिरवितो. मनाला उभारी येण्याची वाट न पाहता, आज एकच छोटे काम ठरवायचे. त्याने कसे वाटले याची नोंद करायची. पुढच्या भेटीत त्यात भर घालायची. दुसऱ्या पद्धतीत विचारांची तपासणी होते. ‘एक पीक गेले’ या घटनेपासून ‘मी नालायक आहे’ या निष्कर्षापर्यंत मन कसे उडी घेते, हे रुग्णालाच पाहायला शिकविले जाते. अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात किशोर फडके यांनी रुजविली; ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या ‘आय. पी. एच.’ या संस्थेने मानसिक आरोग्याची चर्चा मध्यमवर्गीय मराठी घरांत नेली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या नैराश्यावरील चित्रपटाला २०१७ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. म्हणजे मराठीत हा विषय अस्पर्श राहिलेला नाही; तो तालुक्याच्या गावापर्यंत पुरेसा पोहोचला नाही, एवढेच.

आजार सौम्य असेल, तर असे संवादोपचार पुरेसे ठरतात. तीव्रता अधिक असल्यास औषधांची जोड लागते. या गोळ्यांविषयी दोन गैरसमज फार घातक आहेत. एक म्हणजे त्यांचे व्यसन लागते. नैराश्यावरील औषधे आणि झोपेच्या गोळ्या या वेगळ्या गोष्टी आहेत; सवय लागण्याचा धोका दुसऱ्या प्रकारात असतो आणि गंमत अशी, की त्याच गोळ्या बिनदिक्कत घेतल्या जातात. दुसरा गैरसमज म्हणजे गोळी घेतली, की लगेच बरे वाटायला हवे. या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, उलट मळमळ किंवा अस्वस्थता असे त्रास आधी जाणवू शकतात. अनेकजण नेमके याच टप्प्यावर औषध सोडतात. बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने ती चालू ठेवावी लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात.

जायचे कोणाकडे, याचाही गोंधळ असतो. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. तो चाचण्या आणि संवादोपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र आज कोणीही लावू शकतो. त्यामुळे शिक्षण काय, अनुभव किती आणि कोणाच्या देखरेखीखाली काम चालते, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

कायदा पुढे, वाट मागे

कागदावरची तरतूद कमी नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात सुरू आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या १८ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला शासकीय खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडविधानातील ३०९ वे कलम त्या स्वरूपात उरलेले नाही. तरीही ‘पोलीस केस होईल’ या धास्तीने असे प्रसंग आजही दडविले जातात आणि ज्या माणसाला उपचारांची सर्वाधिक निकड असते, तोच त्यांपासून वंचित राहतो.

प्रत्यक्षात वाट अडते ती लहानसहान गोष्टींनी. नगर वा पुण्याला तज्ज्ञाकडे जायचे, तर रुग्णाचा एक दिवस बुडतो आणि सोबत जाणाऱ्याचाही. धारांची वेळ सकाळ-संध्याकाळची. दुधाचा धंदा असलेल्या घरातून दोन माणसे दिवसभर बाहेर राहणे सोपे नसते. पुणे म्हटले की येरवडा आठवते आणि येरवडा म्हटले की ‘डोक्यावर परिणाम’ हेच समीकरण. नगर जिल्ह्यात मनोरुग्णांसाठी मोठे काम झाले आहे. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याच्या ‘माउली सेवा प्रतिष्ठान’ने रस्त्यावरच्या निराधार मनोरुग्ण स्त्रियांना आधार दिला. परंतु मनाचा आजार म्हणजे टोकाचाच आजार, अशी समाजाची समजूत असल्याने साध्या नैराश्याचा रुग्ण स्वतःला त्यात मोजत नाही. त्यात बाजाराच्या गावात गुप्तता राखणे कठीण. दवाखान्याच्या बाकावर कोण बसले होते, हे संध्याकाळपर्यंत चार वस्त्यांवर कळते. मुलीचे लग्न ठरायचे असेल, तर घरातले कोणी ‘मनाच्या डॉक्टर’कडे जाते, हे उघड होणे परवडत नाही.

या दोन्ही अडचणींवर दूरध्वनी हा काही अंशी उतारा ठरू शकतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. नाव सांगण्याची सक्ती नाही, कोणी पाहण्याची भीती नाही. पण दूरध्वनीवरच्या बोलण्याला गावातल्या पाठपुराव्याची जोड नसेल, तर उपचार पहिल्या संभाषणावरच थांबण्याचा धोका राहतो.

शहरातला मुलगा, गावातली आई

हा प्रश्न केवळ काष्टीचा नाही, तसा तो केवळ खेड्याचाही नाही. श्रीगोंदा, कर्जत, पारनेर या तालुक्यांतील तरुण पिढी हडपसर, चाकण, पिंपरी-चिंचवड येथे नोकरीसाठी स्थिरावली आहे. गावात मागे राहतात ते आई-वडील, थोडी शेती आणि दोन-चार जनावरे. दर रविवारी फोन होतो. ‘पाठ दुखतेय, झोप लागत नाही, जेवण जात नाही’ हे ऐकून मुलगा म्हणतो, ‘डॉक्टरला दाखवा, पैसे टाकतो.’ पैसे वेळेवर येतात, गोळ्याही येतात. फोनवरचे बोलणे मात्र महिन्यागणिक आखूड होत जाते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

अशा वेळी विचारायचे प्रश्न अवघड नाहीत. पहाटे किती वाजता जाग येते? शनिवारी बाजारात गेला होता का, आणि नसाल तर का नाही? कीर्तनाला जाणे कधी सुटले? पूर्वी ज्या गोष्टीत मन रमायचे, तिच्यात आता रमते का? उत्तरांवर वाद घालू नये, तोडगा सुचविण्याची घाई करू नये, ऐकून घ्यावे. जगण्याचा कंटाळा आल्याचे कोणी बोलून दाखविले, तर ‘असं बोलू नये’ म्हणून विषय बदलण्याऐवजी ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे थेट आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा समज चुकीचा आहे. उलट बोलता आल्याने माणसाला मोकळे वाटते. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी. आणि हीच विचारपूस शहरात राहणाऱ्या मुलाचीही व्हायला हवी. कंपनीतली पाळी, घराचा हप्ता आणि गावाकडची ओढ यांत तोही खचू शकतो. शहरात तज्ज्ञ जवळ असला, तरी त्याच्यापर्यंत जाण्याचा संकोच दोन्हीकडे सारखाच आहे.

आठवड्याचा एक दिवस

यावरचे उपाय फार खर्चिक नाहीत. आशा कार्यकर्ती गरोदर मातेच्या, बालकांच्या लसीकरणाच्या निमित्ताने प्रत्येक घरात जातेच. नऊ प्रश्नांची प्रश्नावली तिच्या कामात जोडता येईल. मात्र वाढीव कामाचा मोबदला तिला द्यावा लागेल, कारण या यंत्रणेवर आधीच कामाचा बोजा आहे. उपकेंद्रांचे आता आयुष्मान आरोग्य मंदिरांत रूपांतर झाले असून मानसिक आरोग्याची सेवा तेथील सेवांच्या यादीत समाविष्ट आहे. ती यादी प्रत्यक्षात उतरविण्यासाठी समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला गोव्याच्या धर्तीवर प्रशिक्षण मिळायला हवे. श्रीगोंद्याच्या ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञ कोणत्या वारी बसतील, याचा फलक गावोगावच्या दूध डेअरीवर लागला, तरी अनेकांची वाट सोपी होईल. काष्टीत तो दिवस शनिवारचा ठेवता येईल. बाजाराच्या निमित्ताने माणसे येतातच; तेथे रक्तदाब आणि साखर तपासण्याच्या टेबलाशेजारी कोणी झोपेविषयी दोन प्रश्न विचारले, तर कोणाचे नाव होणार नाही आणि कोणाचा दिवसही बुडणार नाही.

त्याहून महत्त्वाची सुधारणा निकषांची आहे. एखादा तालुका मानसिक आरोग्याच्या योजनेत घ्यायचा की नाही, हे तेथे किती मृत्यू झाले यावरून ठरता कामा नये. किती लोकांना प्रश्न विचारले, किती आजारी आढळले, किती जणांवर उपचार सुरू झाले आणि सहा महिन्यांनी त्यांतले किती बरे होते, हे चार आकडे प्रत्येक तालुक्याने दरवर्षी जाहीर केले, तर उत्तरदायित्व आपोआप निश्चित होईल. क्षयरोग आणि कुष्ठरोगाबाबत अशी नोंद वर्षानुवर्षे ठेवली जात आहे. नैराश्याच्या वाट्याला ती का येऊ नये, याचे उत्तर आरोग्य विभागाला द्यावे लागेल. अधिवेशनात आत्महत्यांचा आकडा मागणाऱ्या लोकप्रतिनिधींनीही पुढच्या वेळी हे चार आकडे मागून पाहावेत.